ओढ्याकाठचा उंबर

दिवाळीची चाहूल कुणाला आकाशकंदिलाने लागते, कुणाला बोनसच्या बातमीने. आमच्या घरी ती तळणीच्या वासाने लागते. चकल्या, शेव, चिरोटे आणि शेवटी करंज्या असा क्रम ठरलेला. चौथ्या दिवशी कढईच्या तळाशी काळपट, जळकट तेल उरते. या तेलाचे काय करायचे हा आमच्या घरात कित्येक वर्षे प्रश्नच नव्हता. सौभाग्यवती कढई मोरीत उपडी करी, मी वरून तांब्याभर कढत पाणी ओती, की तेल दिसेनासे होई. दिसेनासे झाले म्हणजे नाहीसे झाले, असा आम्हा शहरवासीयांचा एक सोयीचा सिद्धान्त आहे. तो किती पोकळ आहे हे मला ज्या प्रसंगाने शिकवले, तो आज सांगायचा आहे. प्रसंग माझ्याच अंगावर शेकणारा आहे. म्हणून आजवर लिहायचे टाळत आलो.

आम्ही पुण्यात सहकारनगरच्या बाजूला राहतो. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडून आंबिल ओढा वाहतो. बाहेरगावच्या वाचकांना हे नाव ठाऊक नसेल. पण पुण्याच्या इतिहासात या ओढ्याचा मान मोठा आहे. कात्रजच्या डोंगरात तो उगम पावतो, धनकवडी-पद्मावतीच्या बाजूने खाली येतो, पर्वतीच्या पायथ्याजवळून दांडेकर पुलाखाली जातो आणि मुठेला मिळतो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तळे बांधून तेथले पाणी जमिनीखालच्या नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आणले. त्या नळावर जागोजागी हवा खेळण्यासाठी बांधलेल्या मनोऱ्यांना ‘उच्छ्वास’ असे सुंदर नाव आहे. पूर्वी हा ओढा गावातूनच वाहत असे. नानासाहेबांनी पर्वतीपाशी तळे केले आणि ओढ्याला बाहेरून वाट दिली. आज आपण जेथे मुलांना घेऊन फिरायला जातो ती सारसबाग म्हणजे त्या तळ्याचीच जागा. म्हणून तर तिथला गणपती अजून ‘तळ्यातला’ म्हणवतो.

अशा या ओढ्याला आमच्या सोसायटीत कुणी ओढा म्हणत नसे. सारे म्हणत ‘नाला’. मी मराठीचा प्राध्यापक. शब्दांच्या अशा स्थलांतराकडे माझे लक्ष जायला हवे होते. ओढा, ओहोळ, वहाळ, पऱ्ह्या, झरा, लवण असे वाहत्या पाण्याचे किती बारकावे आपल्या भाषेने जपले आहेत! ओढा म्हटले की त्यात पाय बुडवावेसे वाटतात. नाला म्हटले की त्यात कचरा टाकावासा वाटतो. नाव बदलले की वागणे बदलायला फारसा वेळ लागत नाही. आमच्याकडून निर्माल्याची पिशवी भिंतीवरून पलीकडे जाई, घर रंगवले की रंगाचे डबे तेथेच धुतले जात, आणि माझी मोटार दर रविवारी फाटकापाशी भरपूर साबण लावून न्हात असे. ते फेसाळ पाणी रस्त्याकडेच्या जाळीतून खाली उतरे. ती जाळी मैलापाण्याच्या वाहिनीची नसते, पावसाळी गटाराची असते, आणि पावसाळी गटाराचे पाणी कुठल्याही शुद्धीकरण केंद्राकडे न जाता थेट ओढ्यात जाते, एवढी साधी गोष्ट मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या भिंतीला लागून, ओढ्याच्या काठावर, उंबराचे एक जुने झाड होते. सोसायटी बांधली त्याच्याही आधीचे. उन्हाळ्यात त्याच्या खोडाला लालसर फळे लगडत आणि ती खायला पाखरांची झुंबड उडे. फळे खाली पडून अंगणात चिखल होई, माश्या घोंगावत, आणि खाली लावलेल्या मोटारींवर पाखरांची कृपा होई. त्या मोटारींत एक माझी होती. २०१८च्या उन्हाळ्यात सोसायटीच्या सभेत ठराव आला : झाड काढावे आणि मागचे अंगण सिमेंटने पक्के करून मोटारींसाठी जागा वाढवावी. फक्त दोघांनी विरोध केला. एक तळमजल्यावरच्या आजी. त्या म्हणाल्या, “उंबर तोडू नये, दत्तमहाराजांचं झाड आहे.” दुसरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ; त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. ते म्हणाले, “झाड देवाचं आहे की नाही मला माहीत नाही, पण तुमची भिंत त्या झाडाच्या मुळांवर उभी आहे.” आम्ही हसलो. मतदान झाले. ठरावाच्या बाजूने ज्यांनी हात वर केले, त्यांत मी होतो.

गंमत अशी की त्याच वर्षी मी वर्गात बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता शिकवीत होतो. अवघ्या आठ ओळींची कविता. पण तिच्यावर मी दोन तास बोलू शकतो. रंगांची संगती, चित्रातली स्तब्धता, त्या झाडाच्या ठायी समीक्षकांना दिसलेले वैराग्य, हे सारे मी अठरा वर्षे रंगवून सांगत आलो आहे. सकाळी वर्गात ओढ्याकाठच्या औदुंबराचे रसग्रहण करायचे आणि संध्याकाळी घरामागच्या ओढ्याकाठच्या औदुंबरावर कुऱ्हाड घालण्यासाठी हात वर करायचा, यात काही विसंगती आहे असे मला त्या दिवशी वाटले नाही. रीतसर परवानगी काढून झाड पाडले गेले. बुंधाही यंत्राने उपसला, खड्ड्यात डबर भरले आणि वर सिमेंट ओतले. मोटारी सुरेख ओळीत उभ्या राहू लागल्या.

२५ सप्टेंबर २०१९. बुधवार होता. संध्याकाळी पाऊस सुरू झाला आणि रात्री तो पाऊस राहिलाच नाही; कात्रजच्या बाजूने कुणी तळेच उपडे केल्यासारखे झाले. दिवे गेले. मागच्या बाजूने एक घरघर येऊ लागली, जड मालगाडी जावी तशी. मी खिडकीतून विजेरी टाकली, तर भिंतीच्या माथ्याला पाणी लागलेले. आणि पाहता पाहता ती भिंत, जिथे उंबर होता नेमक्या त्याच जागी, आतल्या बाजूला झुकली आणि पडली.

भिंतीलगतच्या खोलीत आमच्या पहारेकऱ्याचे कुटुंब राहत असे : तो, त्याची बायको आणि नववीतली मुलगी. बाईला आवाजाची शंका आली म्हणून ती पाचच मिनिटे आधी मुलीला ओढत जिन्यावर घेऊन आली होती. पहारेकरी मात्र कागदांची पेटी आणायला परत गेला होता. तो गळ्याइतक्या पाण्यातून जिन्याच्या कठड्याला धरून वर आला. काकांनी आणि मी त्याला हात दिला. पेटी गेली ती गेलीच. त्या रात्री ओढ्याकाठच्या इतर वस्त्यांमधली माणसे आमच्याइतकी सुदैवी नव्हती. अरण्येश्वर भागात भिंत कोसळून माणसे दगावली. पुणे शहर आणि आसपास मिळून वीसहून अधिक जीव गेले.

सकाळी चिखलात पाय रोवून आम्ही मागे जाऊन पाहिले. उंबराच्या जागी भरलेले डबर पाण्याने पार उचलून नेले होते आणि काठाला एक मोठे भगदाड पडले होते. तेथून पन्नास पावलांवर, एका पडीक तुकड्यात, करंजाची तीन झाडे दाटीने उभी होती. त्यांच्या मुळांत पिशव्या आणि फांद्या अडकल्या होत्या. पण तिथला काठ हातभरही हलला नव्हता. मी काकांकडे पाहिले. ते ‘मी म्हटलं नव्हतं का’ असे म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, “झाड असतं तरी पाणी आलंच असतं. वर डोंगर पोखरलेत, खाली ओढा आवळलाय, ते काही एका झाडानं थांबत नाही. पण काठ राहिला असता. कदाचित भिंतही.”

त्या ‘कदाचित’ने माझी झोप नेली. पहारेकऱ्याची मुलगी दुपारी भिजलेली पुस्तके सिमेंटच्या अंगणात वाळत घालीत होती. त्यांत मराठीचे पुस्तक होते. पाने उलटताना तिने मला विचारले, “सर, हे वाळल्यावर वाचता येईल ना?” मी ‘हो’ म्हटले आणि घरात येऊन बसलो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी काकांनी मला सकाळी सहाला उठवले आणि तळजाईच्या टेकडीवर नेले. तेथे वीस-पंचवीस माणसांचे एक मंडळ दर रविवारी जमते. त्यात बँकेतले आहेत, शिक्षिका आहेत, एक शिंपी आहेत, दोन कॉलेजकुमार आहेत. मंडळाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. माझ्या मनात वृक्षारोपण म्हणजे पाहुण्यांच्या हस्ते रोप, छायाचित्र आणि चहा असे चित्र होते. येथे मला कुणी रोप दिलेच नाही, दोन पाच-पाच लिटरचे डबे दिले आणि सांगितले, “त्या वळणापलीकडची बारा रोपं तुमची. पाणी घाला.”

झाडे लावणे हा पावसाळ्यातल्या एका सकाळचा समारंभ असतो. झाडे जगवणे हे पुढच्या तीन उन्हाळ्यांचे काम असते. त्या २०१९ सालीच आपल्या राज्यात तेहतीस कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला होता. संकल्पाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण लावलेल्या झाडांचा आकडा आणि मोठ्या झालेल्या झाडांचा आकडा यांत जे अंतर पडते, ते फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत पडते.

काकांकडून शिकलेल्या चार गोष्टी वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे देतो. खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल असावा, आणि तो उन्हाळ्यातच खणून ठेवावा म्हणजे माती तापून निघते. रोप लावायचे ते पहिल्या सरीला नव्हे, दोन-तीन चांगले पाऊस पडून जमीन आतपर्यंत भिजल्यावर. लावताना भोवतीची प्लॅस्टिकची पिशवी काढावी. वाचक हसतील, पण पिशवीसकट पुरलेली आणि त्यामुळे गुदमरून मेलेली रोपे मी स्वतः उपटली आहेत. उतारावर आळे गोल करू नये. खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखा बांध घालावा, म्हणजे वरून येणारे पाणी मुळाशी थांबते. आणि आळ्यात वाळल्या पानांचा जाड थर अंथरावा. पाणी निम्म्याने कमी लागते.

कोणते झाड लावायचे, यातही शास्त्र आहे. पुण्याच्या टेकड्या हिरव्या दिसतात त्या पुष्कळशा गिरिपुष्पाने. हे झाड परदेशी. भराभर वाढते, गुरे त्याला फारशी तोंड लावीत नाहीत, म्हणून ते सरसकट लावले गेले. पण त्याच्या दाट सावलीत आपली झाडे सहज उगवत नाहीत आणि पाखरांनाही त्यात फारसे खायला नसते. टेकडीच्या कोरड्या उतारावर पळस, धावडा, सालई, मोई, खैर, हिवर, आपटा, बहावा ही आपल्या मातीतली झाडे लावावीत. ओढ्याच्या काठाला मात्र वेगळी मंडळी हवीत : उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन, वाळुंज. यांची मुळे ओल सोसतात आणि काठ आवळून धरतात. प्रवाहाच्या पात्रात झाड लावू नये. पाण्याला वाट मोकळी हवी. आणि सगळीकडेच झाडे लावायची नसतात. टेकडीच्या माथ्यावरचे गवतही पाणी मुरवते, माती धरते. तेथे खड्ड्यांची रांग खणणे म्हणजे असलेले घर मोडून नवे बांधणे.

या सगळ्याचा ओढ्याशी संबंध काय? उघड्या उतारावर पडलेला पाऊस माती घेऊन तासाभरात ओढ्यात येतो आणि ओढा फुगतो. झाडाझुडपांच्या उतारावर तोच पाऊस आधी पानांवर आपटून मंद होतो, पाचोळ्यात थांबतो, मुळांच्या वाटेने जमिनीत उतरतो आणि पुढे कित्येक आठवडे झऱ्यांतून सावकाश बाहेर येतो. म्हणजे झाडे पाणी ‘निर्माण’ करीत नाहीत. ती त्याला घाई करू देत नाहीत. आमचे मंडळ यासाठी समतल चर खणते आणि पावसाळा सरताना मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेने घरोघर पोचवलेले बंधारे घालते : सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची, तोंडे शिवायची आणि ओहोळात रचायची. बस्स! पोती शिवायला आमचे शिंपीबुवा असतातच.

अपयशही सांगितले पाहिजे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. टेकडीवर जाणे बंद झाले. ऐन उन्हाळ्यात अडीच महिने रोपांना थेंब मिळाला नाही. जूनमध्ये आम्ही वर गेलो तेव्हा निम्म्याहून अधिक रोपे काड्या होऊन उभी होती. माझ्या बारांपैकी चार जगली होती, आणि ती चारही पाचोळ्याचे जाड आच्छादन असलेली. शिक्षिकाबाई तेथेच खाली बसल्या. काका कुदळ घेऊन म्हणाले, “चला, खड्डे तयारच आहेत.” पुढच्या वर्षी मार्चमध्ये वणवा लागला, तेव्हापासून आम्ही हिवाळा सरताच गवत कापून जाळरेषा काढतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपट्याच्या कोवळ्या रोपांपाशी पहाराही ठेवतो, कारण सोने लुटण्याच्या उत्साहात लोक अख्खे झाड ओरबाडतात. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त रयतेची झाडे राज्यकर्त्यांनी तोडू नयेत, ती लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, अशा आशयाचे बजावले आहे. हा उतारा मी वर्गात शिकवतो. लेकरासारखे वाढवणे म्हणजे काय, हे मला पाण्याचे डबे वाहून खांदे दुखल्यावर कळले.

टेकडीवर झाडे आणि घरात जुन्याच सवयी, असे फार दिवस चालले नाही. त्याचे श्रेय माझ्या आईला. तिने एकदा विचारले, “रविवारी ओढ्यासाठी वर जातोस, आणि सोमवारपासून खाली त्यात काय सोडतोस?” मग आम्ही एकेक गोष्ट बदलली. कढई आधी रद्दी कागदाने पुसून मग घासायची. कारण तेल थंड झाले की नळात थिजून तुंबते, आणि जे ओढ्यापर्यंत पोचते त्याचा पाण्यावर पातळ पडदा होतो. हवेतला प्राणवायू पाण्यात उतरत नाही. उरलेले तेल गाळून बाटलीत भरून ठेवायचे. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल होते, ते गोळा करणाऱ्यांना द्यायचे. कपड्यांना मोजून पावडर. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता हा आपला गैरसमज; त्यातली फॉस्फेटे मात्र पाण्यातल्या शेवाळाला आणि जलपर्णीला खत होतात. मोटार ओल्या फडक्याने पुसायची. मुदत संपलेली औषधे मोरीत ओतायची नाहीत. निर्माल्य गच्चीवरच्या पिंपात. त्याचे खत टेकडीवर जाते. गणपती शाडूचा आणि विसर्जन घरच्या बादलीत. ज्यांच्याकडे प्लास्टरची मूर्ती असते त्यांच्यासाठी पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात मूर्ती विरघळवण्याची रीत काढली आहे. उरणारे पाणी झाडांना खत म्हणून चालते.

आणि एक मोठे काम. सोसायटीच्या सभेत मी पुन्हा एकदा हात वर केला. या वेळी बोलण्यासाठी. मागच्या अंगणातले अर्धे सिमेंट फोडून तेथे माती मोकळी करावी, असा ठराव मी मांडला. “मोटारी कुठे लावायच्या?” असा प्रश्न आला. माझी मी रस्त्यावर लावीन, असे मी सांगितले. बरीच खडाजंगी झाली. २०१८ साली मी काय म्हणालो होतो याची आठवण एकाने करून दिली, आणि ती योग्यच होती. तळमजल्यावरच्या आजी तेव्हा हयात नव्हत्या. ठराव तीन मतांनी मंजूर झाला.

त्या मोकळ्या मातीत, नव्या भिंतीपासून जरा अंतर राखून, आम्ही उंबराचे रोप लावले. रोप पहारेकऱ्याच्या मुलीने आणले. ओढ्यापलीकडच्या एका जुन्या भिंतीच्या भेगेत पाखरांनी रुजवलेले, तिने अलगद सोडवून आणलेले. ती आता कॉलेजात जाते. पहारेकऱ्याचे बिऱ्हाड सोसायटीने पहिल्या मजल्यावर हलवले आहे. रोज संध्याकाळी झाडाला पाणी त्याची बायको घालते आणि मला खिडकीत पाहिले की विचारते, “सर, आज तुमची पाळी होती ना?” बहुतेक वेळा ती माझीच असते.

ओढा अजून स्वच्छ झालेला नाही. उन्हाळ्यात त्याला वास येतो, आणि वरून येणारे मैलापाणी रोखणे आमच्या मंडळाच्या हाती नाही; त्यासाठी अर्ज-विनंत्या चालू आहेत. पावसाचा जोर वाढला की अजूनही मी रात्री उठून मागच्या खिडकीतून विजेरी टाकतो. उंबर माझ्या डोक्याच्या वर गेला आहे, पण काठ धरण्याइतकी मुळे जायला त्याला अजून पुष्कळ वर्षे हवीत. तोपर्यंत मी सेवानिवृत्त झालेला असेन.

‘औदुंबर’ मी अजून शिकवतो. पण आता दोन तास बोलत नाही. कविता वाचतो आणि मुलांना विचारतो, “तुमच्या घराजवळचा ओढा कुठून येतो आणि कुठे जातो?” पहिल्या वर्षी साठांतल्या चौघांना सांगता आले. उरलेल्यांना मी पुढच्या तासापर्यंत शोधून यायला सांगितले.

परवाच चकल्या झाल्या. कढई कागदाने पुसली, तेल बाटलीत भरले. आईने बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, “एवढंसं तर उरतं. आणि इतकी वर्षं आपण ते ओतत होतो!” मी काही बोललो नाही. बाटली घेऊन खाली उतरलो. झाडाला पाणी घालायची आज माझी पाळी होती.